मयेकर सरांची पो नदी

नदी उलटी काढली म्हणून मयेकर सरांनी एकदा मला नापास केलं होतं. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हते. त्यांच्याच शाळेत गणित शिकवत होते, आणि प्रदर्शनासाठी त्यांना इटलीचा नकाशा काढून देत होते. म्हणजे खरं तर उपकारच करत होते. सरांनी नकाशा खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि म्हणाले, "डिमेलोबाई, तुम्ही ही नदी समुद्राकडून सुरू केलीत."

"मग? रेघ तर तीच ना?"

"तीच कशी? पेन्सिल नवी असते तेव्हा रेघ बारीक येते, झिजली की जाड होते. तुमची पो समुद्रापाशी बारीक आणि डोंगरात जाड. अशी नदी असते कुठे?"

आणि त्यांनी खिशातून रबर काढून माझ्या हातात ठेवलं. मला असा राग आला की सांगता सोय नाही. पण पुन्हा काढली. त्यांच्या वर्गातली पोरं तर या बाबतीत पार तयार झालेली. पेन्सिलीला टोक करायचं, उगमावर ठेवायची आणि हात न उचलता मुखापर्यंत न्यायची. एखाद्यानं चुकून उलटी काढली तर सर शुद्ध मालवणीत सुरू व्हायचे, "मेल्या, न्हंय वरसून खाली येता काय खालसून वर जाता?"

आमची शाळा भांडुपला, पश्चिमेच्या डोंगराच्या पायथ्याशी. वरच्या चाळींतली मुलं यायची. बहुतेक घरं मालवण-कणकवलीकडची, बाप कुणाचा गिरणीतून सुटलेला, कुणाचा कारखान्यात लागलेला. मयेकर सर त्यांना जगाचा भूगोल शिकवायचे. आता जग म्हटलं की सगळ्यांना सारखा वेळ द्यायला हवा की नको? पण छे. आफ्रिका दोन तासांत, ऑस्ट्रेलिया एका तासात, आणि इटलीतली पो नदी तीन आठवडे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ऑस्ट्रेलियात आहे काय बाई? वाळू."

बरं, माणूस कधी इटलीला गेला होता म्हणावं, तर तेही नाही. मालवणहून भांडुपला आला आणि बी.एड.साठी कोल्हापूरला जाऊन परत आला, एवढाच त्यांचा प्रवास. पण दादरच्या फुटपाथवर त्यांना एक लाल बांधणीचं जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्याचं पहिलं पान गेलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, आणि आतला बराचसा युरोप वाळवीनं खाल्लेला. पो नदीची वीस-बावीस पानं तेवढी वाळवीला आवडली नसावीत. ती धड राहिली आणि सरांच्या नशिबी आली. सर म्हणायचे, "नाव एका अक्षराचं, आणि नदी साडेसहाशे किलोमीटर. माणसानं पण असंच असावं." हे सांगणारा माणूस स्वतःचं नाव मात्र आजोबांसकट चार शब्दांत लिहायचा.

फळ्यावर ते पो काढायचे तेव्हा मी माझा तास नसेल तर दाराशी थांबून बघायचे, हे कबूल करते. डावीकडे वर खडूनं आल्प्स. त्यात माँटे व्हिसो नावाचा डोंगर, तिथून नदीचा जन्म. मग तुरीन शहर. मग खडू पूर्वेकडे निघायचा. वरून तिचिनो यायची, अद्दा यायची, खालून तानारो, त्रेब्बिया. प्रत्येक उपनदीपाशी सर खडू थांबवायचे, तिला आत येऊ द्यायचे, मग पुढे जायचे. "ह्या वरच्या बर्फातून येणाऱ्या. यांना उन्हाळ्यातही पाणी. श्रीमंत माहेरच्या सुना. आणि ह्या खालच्या, आपेनाइन डोंगरातल्या. पावसाळ्यात धुमाकूळ आणि उन्हाळ्यात नुसते धोंडे. ह्या कुणासारख्या?" पोरं ओरडायची, "आमच्या गावच्या न्हंयसारख्या." सर खूश. पुढे पिआचेन्झा, क्रेमोना, फेरारा, आणि शेवटी पाच बोटं पसरावीत तशी नदी फाटून आड्रियाटिक समुद्रात. "आणि या खोऱ्यात पिकतं काय?" "भात." "भात खाणारी माणसं कशी असतात?" "चांगली असतात." इटलीबद्दल सरांच्या वर्गाचं मत असं एकदम पक्कं होतं.

भानगड झाली ती एका वाक्यामुळे. लाल पुस्तकात सरांनी शाईनं अधोरेखित केलेलं एक वाक्य होतं. खालच्या टप्प्यात पो नदीचं पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा आणि घरांपेक्षा उंचावरून जातं. नदी गाळ आणते, सपाटीवर टाकते, तळ वर येतो. लोक काठाला बांध घालतात. पुन्हा गाळ, पुन्हा तळ वर, पुन्हा बांध उंच. असं शेकडो वर्षं झालं की नदी वरच्या मजल्यावर आणि माणसं तळमजल्यावर. सर हे इतक्या रंगात येऊन सांगायचे की मुलं मान वर करून छताकडे बघायची.

एकदा शाळेची तपासणी होती. तपासणीस साहेब नेमके या वाक्याला मागच्या बाकावर बसलेले. ते उठून म्हणाले, "अहो मास्तर, पाणी उतारानं वाहतं हे दुसरीतल्या मुलालाही कळतं. नदी घराच्या वर कशी असेल?"

सर म्हणाले, "साहेब, आपल्या शाळेच्या मागे चला. नाल्यात लोकांनी इतका राडारोडा टाकलाय की नाला आमच्या मुतारीच्या वर गेलाय. मी दाखवतो."

साहेबांना मुतारी बघण्यात रस नव्हता. तेवढ्यात प्रकाश घाडी नावाचं एक पोरगं, सरांचं लाडकं, उभं राहून म्हणालं, "साहेब, आमच्या चाळीत पण गटार घराच्या वर आहे." सगळा वर्ग हसला. साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या. पहिली: 'भूगोल शिक्षक विद्यार्थ्यांस निसर्गनियमांशी विसंगत माहिती देतात.' दुसरी: 'वर्गात शिस्त नाही.'

दुसऱ्या ओळीचं सरांना काही वाटलं नाही. पहिली मात्र त्यांना लागली, आणि लागली म्हणजे जेवताना घास अडकावा तशी. आमचे मुख्याध्यापक करंदीकर सर तसे वाईट नव्हते, पण कागदाचे माणूस. मयेकर सरांनी लाल पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. करंदीकरांनी ते दोन बोटांनी उचललं, त्यातून थोडी माती पडली. "मयेकर, याला ना मुखपृष्ठ, ना लेखक. वाळवीनं उष्टावलेलं पुस्तक मी वर पाठवू? समक्ष पाहिलेला साक्षीदार आणा. मी स्वतः लिहून शेरा रद्द करून घेतो."

झालं. रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं उरलेली, आणि हा माणूस भांडुपमध्ये पो नदीचा साक्षीदार शोधायला लागला.

पहिला नंबर माझा लागला. मी मुलुंडच्या गावठाणातली ख्रिस्ती. सरांचा समज असा की ख्रिस्ती माणसाचं इटलीशी रोजचं जाणं-येणं असतं. "बाई, तुमचे फादर रोमला जाऊन आले ना? त्यांनी पो बघितली असेल." मी म्हटलं, "सर, आमच्या घरातलं कुणी वसईच्या पुढे गेलेलं नाही, मी काय सांगू." पण चिकटला की सोडणारा माणूस नव्हे. शेवटी रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी फादरना गाठलं. फादर म्हणाले, "पो? नाही गं. रोममध्ये टायबर दाखवली. गढूळ होती." मी निरोप दिला. मयेकर सरांचा चेहरा असा झाला, जसा काही मी फादरना कांदिवलीचा नाला दाखवून आणलाय. "टायबर," ते म्हणाले, "टायबर म्हणजे व्हाळ, साधा ओढा." आणि आठवडाभर माझ्याशी कमी बोलले, जणू फादरना रोमला मी पाठवलं होतं.

मग खरोखरचा इटालियन आला. गोळ्या-चॉकलेटांच्या एका कारखान्यात, गोळीला कागद गुंडाळायचं नवं यंत्र बसवायला. ही बातमी आणली प्रकाशच्या वडिलांनी. घाडी तिथेच फिटर होते. ते संध्याकाळी धापा टाकत शाळेत आले. "सर, इटलीचो माणूस इलोसा. तुमच्या न्हंयचो."

त्यानंतरचे आठ दिवस मयेकर सर स्टाफरूममध्ये इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. शर्टाला इस्त्री, डोक्याला तेल. करंदीकर सरांनी शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा मैदानात बसवली. मी सरांना म्हटलं होतं, आधी एकट्यानं विचारून घ्या. तर म्हणाले, "बाई, शेरा सगळ्यांसमोर मिळाला. पुसला पण सगळ्यांसमोर जायला हवा." मनात म्हटलं, मरा.

विन्चेन्झो नावाचा तो पाहुणा उंच, जाडजूड, हसरा. येताना गोळ्यांचं मोठं पोतंच घेऊन आला आणि पोरांना मूठमूठ वाटत सुटला. त्यामुळे त्यानं तोंड उघडायच्या आधीच शाळा त्याच्या बाजूनं झालेली. सर उभे राहिले. मागे फळ्यावर पो, सगळ्या उपनद्यांसकट, रंगीत खडूंनी. घाडी दुभाषे म्हणून शेजारी.

सरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पो नदीचं पात्र घरांपेक्षा उंच आहे, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे ना?

पाहुण्याला पहिल्यांदा कळलं नाही. घाडींनी हातानं नदी दाखवली, घर दाखवलं, नदी वर केली, घर खाली केलं. तो पोट धरून हसला. "नो, नो, प्रोफेसर. रिव्हर डाऊन. हाऊस अप." आणि त्यानं घाडींचे हात धरून नदी खाली नेली आणि घर वर ठेवलं.

सगळं मैदान हसलं. तोंडात गोळ्या होत्या म्हणून आणखीच हसलं. करंदीकर सर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला, तेच पुरे. मयेकर सर खडू हातात धरून उभे. मला त्यांच्याकडे बघवेना.

नंतर चहा पिताना कळलं की विन्चेन्झो नेपल्सचा. म्हणजे पार दक्षिणेकडचा. पो नदी त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती. "नॉर्थ," तो म्हणाला, आणि दूर कुठेतरी हात केला, "व्हेरी फार. रिच पीपल." मी भडकले. करंदीकरांना म्हटलं, "सर, याची साक्ष कसली धरता? आपल्यापैकी गंगा कुणी बघितलीय?" कुणीच बघितली नव्हती. पण हसून झालं होतं ना. एकदा हसलेलं हसू माणूस मागे घेत नाही.

सरांनी मात्र पाहुण्याला रीतसर वागवलं. भजी पुढे केली. एवढंच नव्हे, तर फळ्याजवळ नेऊन त्याला त्याच्याच देशातली नदी उगमापासून मुखापर्यंत समजावून सांगितली. तोही बिचारा मान डोलावत ऐकत होता. भात पिकतो हे त्याला माहीत होतं, एवढंच काय ते.

त्या वर्षापासून सर ते वाक्य म्हणेनासे झाले. माँटे व्हिसो सांगायचे, तुरीन सांगायचे, सुना-माहेर सगळं व्हायचं, फेरारापाशी आले की जरा घसा साफ करायचे आणि सरळ समुद्रात. पुढच्या वर्षी नववीला प्रकाशची धाकटी बहीण सुवर्णा होती. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. पोरगी अभ्यासात एकदम झकास, आणि पहिला नंबर आला तर मुंबईतल्या मुंबईत का होईना, राणीची बाग दाखवीन असं बापानं कबूल केलेलं. वार्षिक परीक्षेत सरांनी पो नदीवर टीप विचारली. सुवर्णानं लिहिलं: 'खालच्या टप्प्यात नदीचे पात्र घरांपेक्षा उंच आहे.'

सरांनी लाल रेघ मारली. एक मार्क कापला. आणि त्या एका मार्कानं तिचा पहिला नंबर गेला.

मी पेपर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "सर, हे तुमचंच वाक्य आहे. तिच्या भावाच्या वहीतून पाठ केलंय तिनं. द्या तो मार्क."

"तुमच्या गणितात कुणी दोन अधिक दोन पाच लिहिलं तर मार्क द्याल?"

"मी शिकवलं असेन पाच, तर देईन."

त्यांनी पेपर परत माझ्याकडे सरकवला. सुवर्णा रडली नाही, तिनं फक्त विचारलं, "बाई, दादाच्या वेळी बरोबर होतं, मग आता चूक कसं झालं?" त्या पोरीचं आणि सरांचं, दोघांचंही मला वाईट वाटलं आणि दोघांवरही राग आला.

सरांच्या निरोप समारंभाला महिनाभर असताना शाळेत एक जाड पाकीट आलं. वर इटलीची तिकिटं. आत एक रंगीत फोटो. हिरवं शेत, शेतात एक लाल कौलारू घर, घराच्या मागे गवताचा उंच बांध. आणि कौलांच्या वर, बांधाच्या पलीकडून, एक मोठी होडी चाललेली. अर्धी होडी घराच्या डोक्यावर. घराच्या दारात विन्चेन्झो उभा, एक बोट होडीकडे आणि एक हात स्वतःच्या गालावर, म्हणजे बघा मी कसा गाढव. कामासाठी उत्तरेला गेला असताना त्याला मयेकर सर आठवले होते. मागे मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं: 'प्रोफेसर, रिव्हर अप, हाऊस डाऊन. सॉरी.'

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे गोळा झालो. करंदीकर सर स्वतः म्हणाले, "मयेकर, आणा तो फोटो. आजच लिहितो. शेरा रद्द झालाच समजा." माणूस खरंच मनापासून बोलत होता. मला वाटलं आता सर नाचतील. सरांनी फोटो बराच वेळ बघितला, खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "बाई, ती घाडींची मुलगी राहते कुठे?"

"वर, डोंगरावर. का?"

"चला."

तासाभरानं आम्ही त्या पायऱ्या चढत होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दर वीस पायऱ्यांनी थांबत, पण माझा हात धरायला तयार नाही. घाडींचं घर म्हणजे एक खोली, पुढे पडवी. सुवर्णा दहावीचा अभ्यास करत बसलेली. आई पदराला हात पुसत बाहेर आली, आम्हाला बघून घाबरली. वर्गशिक्षिका आणि भूगोलाचे सर दोघं घरी म्हणजे पोरीनं काय केलं असं तिला वाटलं असणार.

"गेल्या वर्षाचं प्रगतिपुस्तक आण," सर म्हणाले.

तिनं ट्रंकेतून काढून दिलं. सर पडवीतल्या स्टुलावर बसले, लाल पेन काढलं, भूगोलापुढचा चौऱ्याऐंशी खोडला आणि पंच्याऐंशी केला. बेरीज बदलली. मला दाखवून म्हणाले, "बरोबर आहे ना बाई?" मी म्हटलं बरोबर. मग त्यांनी क्रमांकापुढचा दोन खोडला आणि तिथे एक लिहिला. शेजारी लिहिलं, 'प्रथम क्रमांक, दोघींत विभागून.' खाली सही, तारीख.

आई म्हणाली, "सर, आता ती धावीक गेली. आता ह्याचो काय उपयोग?"

"उपयोग काय नाय," सर म्हणाले. "पण बरोबर होता ता बरोबर म्हणूक व्हया."

सुवर्णानं फोटो बघितला. होडीवर बोट फिरवलं. मग तिनं सरळ सरांकडे बघत विचारलं, "सर, मी लिहिलं तेव्हा तुम्हाला हे खोटं वाटत होतं?"

"नाय."

"मग मार्क का कापलात?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं. मी वीस वर्षं त्यांना ओळखत होते, त्यांना उत्तर माहीत नाही असं कधी बघितलं नव्हतं. आताही माहीत होतंच.

"मी घाबारलंय गो," ते म्हणाले.

सुवर्णानं मान डोलावली. आईनं चहा ठेवला.

निघताना सरांनी फोटो मागितला नाही. तिनं पुढे केला तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडे. पायऱ्या उतरताना ते माझ्या पुढे होते, मला फक्त त्यांचं पांढरं डोकं आणि इस्त्री केलेला शर्ट दिसत होता. मी म्हटलं, "सर, पुरावा तर वरच राहिला. आता शेरा कसा जाणार?"

"कसला शेरा?" ते म्हणाले, आणि न थांबता उतरत राहिले.